ब्लॉग नेटवर्कच्या लिंक्सनं रँकिंग चढतं आणि पुन्हा पडतं: दर वेळी नेमकं काय बिघडतं?

तक्रार बहुतेक वेळा सारख्याच शब्दांत येते. ब्लॉग नेटवर्कवरच्या, म्हणजे लिंक्स विकण्यासाठीच चालवलेल्या ब्लॉग्जच्या जाळ्यावरच्या, लिंक्सचं पॅकेज घेतलं, महिना-दीड महिन्यात कीवर्ड गूगलच्या पहिल्या पानावर आला, दोन-तीन महिने बरे गेले आणि मग रँकिंग घसरलं. दुसरं पॅकेज घेतलं, थोडं वर गेलं, पुन्हा घसरलं. प्रत्येक फेरीत उचल कमी आणि पडझड जास्त. चौथ्या फेरीच्या तोंडाशी आलेला माणूस विचारतो, "आता किती लिंक्स लागतील?"

या प्रश्नातच दुखणं आहे. घसरण झाली म्हणजे लिंक्स कमी पडल्या, असं त्यानं धरून चाललेलं असतं. मी नेटवर्कच्या लिंक्स लावायचं कामही केलंय आणि त्या उपसून काढायचंही. दुसरं काम जास्त वर्षं केलंय. लिंक्समुळे रँकिंग पडतं तेव्हा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. लिंक गेलेली असते, किंवा लिंक जागेवर असते पण तिचं वजन शून्य झालेलं असतं, किंवा साइटवर थेट कारवाई झालेली असते. तिन्हींची लक्षणं निराळी आणि उपायही निराळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि नवीन पॅकेज हा तर यातल्या कशावरच उपाय नाही.

लिंक्सना हात लावण्याआधी

सर्च कन्सोल हे गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन; त्याच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये १६ महिन्यांची माहिती मिळते. घसरणीच्या आधीचे आणि नंतरचे २८ दिवस शेजारी ठेवा आणि एकूण आकड्यांवर न थांबता पानागणिक पाहा. ज्या पानांना नेटवर्कच्या लिंक्स दिल्या होत्या तीच पडली, की ज्यांना एकही लिंक दिली नव्हती तीही पडली? सगळी साइट एकदम खाली गेली असेल, अगदी तुमच्या स्वतःच्या नावाच्या शोधावरही, तर आधी तांत्रिक बिघाड शोधा. एका साइटच्या लिंक्स तपासण्यात मी दोन दिवस घालवले होते. शेवटी निघालं असं, की नवं डिझाइन चढवताना चाचणीच्या सर्व्हरवरचा नोइंडेक्स टॅग (हे पान शोधात दाखवू नका, असं सांगणारी खूण) तसाच मुख्य साइटवर आला होता. तेव्हापासून रोबॉट्सची फाइल (गूगलनं कुठे फिरकू नये ते सांगणारी), नोइंडेक्स, कॅनॉनिकल (सारख्या पानांतलं मूळ कोणतं ते सांगणारी खूण) आणि बदललेले यूआरएल या चार गोष्टी पाहिल्याशिवाय मी लिंक्सची यादी उघडत नाही.

त्यानंतर सर्च कन्सोलमधला मॅन्युअल ॲक्शनचा, म्हणजे गूगलच्या माणसांनी साइटवर केलेल्या थेट कारवाईचा विभाग. तिथे काही नोंद असेल तर निदान तिथेच झालं. नसेल तर उरतात पहिल्या दोन शक्यता, आणि लोक सगळ्यात जास्त गफलत करतात ती या दोघींमध्ये.

लिंक गेली

नेटवर्क कसं चालतं हे माहीत असेल तर लिंक कशी जाते हे आपोआप कळतं. मालकानं नूतनीकरण न केल्यामुळे सुटलेली जुनी डोमेन्स (साइटचे पत्ते) कोणीतरी विकत घेतो. त्या डोमेनकडे पूर्वीच्या खऱ्या साइटच्या काळातल्या लिंक्स अजून येत असतात. त्यावर ब्लॉग चढवायचा, लेख टाकायचे आणि लेखातून गिऱ्हाइकाच्या साइटला लिंक द्यायची. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँकच्या मूळ कल्पनेनुसार पानाचं वजन त्याच्याकडे येणाऱ्या लिंक्सवरून ठरतं आणि पुढे दिलेल्या लिंक्समध्ये वाटलं जातं. नेटवर्क हे जुन्या साइटनं कमावलेलं वजन तुमच्याकडे वळवतं.

आता यातली खोच बघा. त्या जुन्या लिंक्स बहुतेक करून होमपेजकडे आलेल्या असतात. म्हणून विक्रेता तुमचा लेख पूर्ण मजकुरासह होमपेजवर दिसेल अशी व्यवस्था करतो. पण वर्डप्रेस होमपेजवर मुळात १० पोस्ट दाखवतं. नेटवर्कवाला दर दोन दिवसांनी नवा लेख टाकत असेल, कारण त्याला दुसरी गिऱ्हाइकंही आहेत, तर साधारण २० दिवसांत तुमचा लेख दुसऱ्या पानावर जातो. आणखी २० दिवसांत तिसऱ्या. लिंक तुटलेली नसते, लेख जिवंत असतो, पण जिथे वजन होतं त्या होमपेजवरून ती उतरलेली असते. क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, हे लगेच कळत नाही. तो त्या ब्लॉगवर परत येईल तेव्हा प्रत्येक ब्लॉगचा परिणाम वेगवेगळ्या दिवशी दिसू लागतो. म्हणून या प्रकारातली घसरण कड्यावरून कोसळल्यासारखी नसते, पायऱ्या उतरल्यासारखी असते. गूगलच्या अल्गोरिदमचं कुठलंही अपडेट आलेलं नसताना, दर आठवड्याला दोन-तीन क्रमांकांनी. "काहीच बदललं नाही, तरी खाली चाललंय" असं कोणी म्हणालं की मला आधी हीच शंका येते.

दुसरा प्रकार वर्षाच्या हिशोबाचा. विक्रेता डोमेन एका वर्षासाठी घेतो. ते त्याला परवडलं नाही तर नूतनीकरण करत नाही. नेहमीच्या डॉट कॉम डोमेनचं पाहिलं तर मुदतीनंतरची सवलत संपल्यावर सुमारे ३० दिवस ते सोडवून घेता येतं, मग ५ दिवस हटवण्याच्या रांगेत राहतं आणि नंतर कोणालाही मोकळं होतं. एकाच खेपेला घेतलेली डोमेन्स एकाच सुमाराला बंद पडतात. त्यामुळे पॅकेज घेतल्यापासून वर्षभरानं झालेल्या घसरणीत ही तपासणी आधी करा. त्यातलं एखादं डोमेन पुढे जुगाराच्या साइटवाल्यानं घेतलेलंही मला आढळलंय. तिसरा प्रकार अगदी साधा: लिंक भाड्यानं होती, भाडं थांबलं, लिंक काढली.

तपासणी हातानंच करावी लागते. विक्रेत्यानं दिलेली यादी घ्या आणि प्रत्येक पान उघडा. पान उघडतंय का, लिंक आहे का, तिला नोफॉलो (या लिंकला वजन देऊ नका, अशी खूण) लागलंय का, लेख होमपेजपासून किती क्लिक आत आहे, आणि साइट व कोलन हा शोध वापरून ते डोमेन गूगलमध्ये दिसतं का. एवढे पाच रकाने एका शीटमध्ये पुरतात. ५० लिंक्सना दोन तास लागतील. ते दोन तास पुढच्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडतात.

यादीच नसेल तर? सर्च कन्सोलच्या लिंक्सच्या रिपोर्टमधून नमुना उतरवून घ्या. बाहेरच्या लिंक तपासणाऱ्या साधनांवर इथे विसंबू नका, कारण बरीच नेटवर्क्स त्या साधनांच्या बॉट्सना मुद्दाम अडवून ठेवतात. प्रतिस्पर्ध्यांना दिसू नये म्हणून केलेली ही सोय तुमच्याही डोळ्यांवर पट्टी बांधते.

लिंक आहे, वजन नाही

हा प्रकार गिऱ्हाइकाला समजावून सांगणं सगळ्यात अवघड. यादी तपासली, ५० पैकी ४७ लिंक्स जागेवर, फॉलो आहेत, पानं इंडेक्समध्ये आहेत, सर्च कन्सोलमध्ये कसलीही सूचना नाही. आणि रँकिंग मात्र एका दिवसात पहिल्या पानावरून चौथ्यावर.

हे समजायला थोडा इतिहास हवा. २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं बनावट लिंक्स पकडणारं पेंग्विन हे अपडेट आणलं. तेव्हा बनावट लिंक्सची शिक्षा साइटला मिळायची आणि पुढचं पेंग्विन येईपर्यंत, कधी कधी वर्षाहूनही जास्त, ती भोगावी लागायची. २३ सप्टेंबर २०१६ ला जाहीर झालेल्या चौथ्या आवृत्तीनं दोन गोष्टी बदलल्या. पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग होऊन सतत चालू लागलं, आणि साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या लिंक्सचं वजन काढून घेण्याकडे त्याचा कल झाला. डिसेंबर २०२२ च्या लिंक स्पॅम अपडेटमध्ये स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक्स विकत घेणाऱ्या साइट्स आणि लिंक्स पुरवण्यासाठीच चालवलेल्या साइट्स दोन्ही ओळखण्यासाठी वापरली गेली. अशा लिंक्सनी दिलेलं श्रेय नाहीसं होतं, असं गूगलनं तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं.

लक्षण असं: नेटवर्कच्या लिंक्स मिळालेली पानं जवळपास एकाच वेळी पडतात आणि बाकीची पानं जागची हलत नाहीत. तारीख एखाद्या स्पॅम अपडेटच्या आसपास पडत असेल तर शंका आणखी घट्ट होते, पण अपडेट नसतानाही हे होऊ शकतं.

इथे बहुतेक जण डिसअव्हाव फाइल, म्हणजे 'या लिंक्स मोजू नका' असं गूगलला कळवणारी यादी, करायला धावतात. ज्या लिंकचं वजन आधीच शून्य झालंय तिला नाकारून काय मिळणार? काहीच नाही. उलट घाईत केलेल्या फाइलीत चांगल्या, आपसूक मिळालेल्या लिंक्सही जातात, आणि मग खरंच नुकसान होतं. एका साइटची अशी फाइल मी पाहिली होती. कुठल्याशा साधनानं 'विषारी' असा शिक्का मारलेली सगळी डोमेन्स तिच्यात भरली होती, आणि त्यांत दोन विद्यापीठांच्या ग्रंथालयांची पानं होती, ज्यांनी स्वतःहून लिंक दिली होती. 'विषारी' हे त्या साधनाचं स्वतःचं मोजमाप. तसंच डोमेन अथॉरिटी आणि डोमेन रेटिंग ही खासगी कंपन्यांची अनुमानं आहेत. गूगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा टूलबारवर दिसायचा, तो २०१६ मध्ये कायमचा बंद झाला. तेव्हा "सत्तरच्या वरच्या डोमेन्सवर लिंक्स देतो" या वाक्याला रँकिंगच्या दृष्टीनं अर्थ उरत नाही.

या प्रकारात परत मिळवण्यासारखं काही नसतं, हे मान्य करणं जड जातं. जे रँकिंग होतं ते उसनं होतं. आत्ता दिसतंय ती त्या पानाची स्वतःची जागा. काम तिथून सुरू करायचं.

"नेटवर्क नीट लपवलं नव्हतं, म्हणून"

या टप्प्यावर विक्रेता हेच सांगतो. पुढच्या वेळी वेगळं होस्टिंग, वेगळे आयपी पत्ते, वेगळ्या थीम्स, वेगळे नेमसर्व्हर, प्रत्येक ब्लॉगला वेगळं ॲनालिटिक्स. या खुणांवरून नेटवर्क्स सापडतात हे खरंच आहे. मार्च २०१२ मध्ये बिल्ड माय रँक हे मोठं नेटवर्क गूगलनं इंडेक्समधून जवळजवळ पुसून टाकलं आणि त्याला दुकान बंद करावं लागलं. सप्टेंबर २०१४ मध्ये खासगी नेटवर्क चालवणाऱ्या अनेकांना एका झटक्यात मॅन्युअल ॲक्शनच्या सूचना गेल्या.

पण जी खूण लपवता येत नाही ती होस्टिंगमध्ये नसतेच, ती लिंक्सच्या नकाशात असते. ३० ब्लॉग, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि तरीही सगळे त्याच सहा-सात व्यापारी साइट्सना लिंक देतात. त्यांच्या जुन्या पानांकडे लिंक्स येतात, नव्या लेखांकडे एकही येत नाही. एकेकाळी पक्षीनिरीक्षणाची असलेली साइट अचानक कर्ज, कपडे आणि दातांचे उपचार यांवर लिहायला लागते. वेब आर्काइव्हच्या वेबॅक मशिनमध्ये त्या डोमेनचा पूर्वेतिहास पाहिला की हे तुम्हालाही पाच मिनिटांत कळतं. ज्यांच्याकडे सगळ्या वेबचा नकाशा आहे त्यांना न कळण्याचं कारण नाही. शिवाय ५ मार्च २०२४ ला जाहीर झालेल्या धोरणांत कालबाह्य डोमेन्सचा गैरवापर हा स्पॅमचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला गेलाय.  आणि हे सगळं लपवायला जे कष्ट आणि पैसे लागतात, त्यात दोन-तीन खरोखर उपयोगी पानं तयार होतात. माझं मत इथे अगदी स्पष्ट आहे: चांगलं लपवलेलं नेटवर्क शोधत बसू नका.

थेट कारवाई झाली असेल तर

मॅन्युअल ॲक्शनच्या विभागात तुमच्या साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक्सची नोंद दिसली, तर मात्र डिसअव्हाव फाइल हेच योग्य हत्यार आहे. कारवाई संपूर्ण साइटवर आहे की काही पानांवर, हे तिथेच लिहिलेलं असतं.

क्रम असा ठेवा. आधी विक्रेत्याला लिंक्स काढायला सांगा आणि केलेल्या प्रत्येक संपर्काची तारीख लिहून ठेवा. उत्तर आलं नाही तरी नोंद हवी. मग उरलेल्यांची फाइल करा. साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ मध्ये, एका ओळीत एक नोंद, जास्तीत जास्त १ लाख ओळी आणि २ एमबी. टिपण लिहायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह. आणि एक पथ्य जरूर पाळा: एकेका पानाचा पत्ता लिहू नका, इंग्रजीत डोमेन हा शब्द आणि कोलन टाकून पूर्ण डोमेनच लिहा. कारण ब्लॉगवरचा एकच लेख होमपेजवर, वर्गाच्या पानावर, टॅगच्या पानावर, महिन्याच्या संग्रहात आणि लेखकाच्या पानावर दिसतो. म्हणजे लेखाचं स्वतःचं पान धरून एका लिंकचे सहा पत्ते. माझ्याकडे आलेल्या एका साइटची कारवाई उठवण्याची पहिली विनंती नेमकी यामुळे फेटाळली गेली होती. मालकानं प्रामाणिकपणे २०० पत्ते नाकारले होते आणि हजारभर तसेच उरले होते. आणखी एक अडचण हमखास येते: सर्च कन्सोलमध्ये तुम्ही डोमेन प्रकारची प्रॉपर्टी (तिथली तुमच्या साइटची नोंद) जोडली असेल तर हे साधन तिच्यावर चालत नाही. यूआरएल प्रीफिक्स प्रकारची प्रॉपर्टी वेगळी जोडावी लागते, आणि एचटीटीपी व एचटीटीपीएस दोन्ही असतील तर फाइल दोन्हीकडे चढवावी लागते.

त्यानंतर पुनर्विचाराची विनंती. तिच्यात काय घडलं, काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तीन भाग पुरे. "प्रतिस्पर्ध्यानं केलं असेल" असं लिहू नका, जर तसं नसेल. लिंक्स आम्ही विकत घेतल्या, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, ही त्यांची शीट, या काढल्या, या नाकारल्या, हे यापुढे करणार नाही. वाचणारा माणूस असतो आणि अशा विनंत्या तो रोज वाचतो. उत्तराला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर दुसरी विनंती पाठवू नका. कारवाई उठली तरी जुनं रँकिंग परत येईल असं गिऱ्हाइकाला सांगू नका. ते ज्या लिंक्सवर उभं होतं त्या तुम्ही आत्ताच काढल्यात.

नेटवर्क तुमचं स्वतःचं असेल आणि कारवाई त्या ब्लॉग्जवर झाली असेल, तर ती डोमेन्स मुख्य साइटकडे रीडायरेक्ट करू नका. घाबरून लोक हेच करतात आणि दोन वेगळ्या साइट्सचा प्रश्न एका साइटवर आणून ठेवतात. लिंक्स काढा आणि डोमेन्स सोडून द्या. एखाद्या ब्लॉगवर खरोखर वाचक असतील तर तो ब्लॉग म्हणून चालवा आणि पैशांच्या लिंक्सना स्पॉन्सर्ड हे रेल मूल्य (लिंक पैसे घेऊन दिलीय असं सांगणारी कोडमधली खूण) लावा. ते मूल्य सप्टेंबर २०१९ पासून अशाच कामासाठी आहे.

पुन्हा त्याच फेरीत अडकू नये म्हणून

पडलेलं पान घ्या आणि आधी तुमच्याच साइटमध्ये पाहा की त्याच्याकडे किती पानं लिंक देतात. नेटवर्कच्या लिंक्सवर चढवलेली पानं घरात अनाथ असतात असं मला वारंवार दिसलंय. बाहेरून ५० लिंक्स विकत घेतलेल्या आणि स्वतःच्या सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखातून एकही दिलेली नाही. हे दुरुस्त करायला एक दुपार पुरते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मग बाहेरचं. तुमचं नाव लिहून लिंक न दिलेली पानं शोधा आणि विनंती करा. तुम्ही ज्यांचा माल विकता किंवा ज्यांच्याबरोबर काम करता त्यांच्या साइटवर तुमची नोंद आहे का ते पाहा. आणि तुमच्या कामातली अशी माहिती बाहेर काढा जी दुसऱ्या कोणाकडे नाही: दुरुस्तीच्या नोंदी, मोजमापांचे तक्ते, एखादं साधं गणकयंत्र. यानं येणाऱ्या लिंक्स महिन्याला दोन-तीनच असतील. पण दर २० दिवसांनी खाली सरकणाऱ्या त्या नसतात.

लिंक्सचं काम बाहेर देणारच असाल तर एकच प्रश्न विचारा: "लिंक लावण्याआधी साइटचं नाव दाखवाल का?" "आम्ही साइट्स उघड करत नाही" असं उत्तर आलं, तर ते नेटवर्क आहे असंच धरून चाला.

डिसअव्हाव फाइल चढवली असेल तर तिचा परिणाम ती डोमेन्स पुन्हा क्रॉल होतील तसतसा लागू होतो, आणि मृतप्राय ब्लॉग्जवर क्रॉलर क्वचित फिरकतो. तीन महिने तरी धरून चाला आणि त्या काळात नव्या लिंक्स विकत घेऊ नका, नाहीतर कशाचा परिणाम कशामुळे झाला हे कळणार नाही. फाइल बदलायची वेळ आली तर आधीची उतरवून घ्या आणि तिच्यातच बदल करा. नवी फाइल जुनीत मिसळत नाही, ती जुनीची जागा घेते. दहा ओळींची नवी फाइल चढवून जुन्या ८०० ओळी घालवलेले लोक मी पाहिलेत.